सार्वजनिक उद्यानातील उपद्रव: पालिका, पोलीस आणि शेजार यांनी मिळून करायचे काम

गोव्यातल्या एखाद्या उद्यानाविषयी तक्रारी वाढू लागल्या की चर्चा बहुधा दोन मागण्यांवर येऊन थांबते: फाटकाला लवकर कुलूप लावा, नाहीतर सुरक्षारक्षक नेमा. दोन्ही मागण्या समजण्यासारख्या आहेत, परंतु एवढ्यावर काम क्वचितच भागते. कुलूप लागले की सरळ माणूस माघारी फिरतो आणि बाटली घेऊन आलेला कुंपण ओलांडून आत जातो. म्हणजे ज्यांच्या वावरामुळे जागा सुरक्षित राहते, नेमके तेच बाहेर राहतात. कंत्राटी सुरक्षारक्षक एकटा असतो, कोणाला कितपत हटकायचे याची त्याला स्वतःलाच खात्री नसते, आणि आठ-दहा जणांचे टोळके समोर आले की तो शहाणपणाने दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. त्याला दोष देता येत नाही. उद्यानातले जे तास आणि जे कोपरे रिकामे पडलेले असतात, तिथे उपद्रव शिरतो. त्या तासांना आणि कोपऱ्यांना नियमित वापरणारी माणसे मिळवून देणे आणि त्या माणसांच्या पाठीशी पालिका, पोलीस व वीज खाते यांना वेळेवर उभे करणे, हे या लेखात सांगितलेल्या कामाचे स्वरूप आहे.

उपद्रव कशाला म्हणायचे, हे आधी ठरवा

शेजारच्या रहिवाशांच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकाच्या मनातला उपद्रव वेगळा असतो. कोणाला दारूच्या बाटल्या दिसतात, कोणाला बाकावर बसलेली जोडपी, कोणाला दुपारी झाडाखाली झोपलेले मजूर, तर कोणाला संध्याकाळी आरडाओरडा करत क्रिकेट खेळणारी मुले. या सगळ्याची एकच यादी केली की काम पहिल्याच दिवशी फसते, कारण पोलीस त्या यादीतल्या निम्म्या गोष्टींवर काहीच करू शकत नाहीत आणि उरलेल्या निम्म्यांकडेही मग गांभीर्याने पाहत नाहीत.

यादीचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात सरळ गुन्हे येतील: अमली पदार्थांची देवघेव, स्त्रियांचा पाठलाग किंवा छेडछाड, मारामारी, मालमत्तेची मोडतोड. दुसऱ्या भागात इतरांना जागा वापरणे अशक्य करणारे वर्तन येईल: उघड्यावर मद्यपान करून धिंगाणा, खेळाच्या जागेत बाटल्या फोडणे, रात्री मोठ्याने स्पीकर लावणे, पदपथावरून दुचाकी चालवणे, भिंतीला लघवी करणे. तिसऱ्या भागात आपल्याला नापसंत असलेल्या, पण कोणाचेही नुकसान न करणाऱ्या गोष्टी येतील, आणि हा तिसरा भाग तिथेच मिटवून टाकावा. बांधकामावरच्या मजुराने दुपारी सावलीत पाठ टेकणे हा उपद्रव नव्हे. उद्यान सार्वजनिक आहे म्हणूनच तो तिथे आला आहे. शेजारी शेजारी बसलेल्या जोडप्यालाही हाच न्याय लावावा.

गोव्यात ही काळजी जरा जास्तच घ्यावी लागते, कारण बैठक सुरू होऊन थोडा वेळ गेला की कोणीतरी ‘हे सगळे भायल्यांचे (बाहेरून आलेल्यांचे) काम’ असे म्हणतोच आणि माना डोलू लागतात. अध्यक्षस्थानी बसलेल्याने तिथेच थांबवून विचारावे: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या बाकावर, काय केले? पुढे नोंदींची वही उघडली की शनिवारच्या रात्रीचे टोळके आपल्याच वाड्यावरचे निघण्याची शक्यता बरीच असते.

चार आठवड्यांची वही

तक्रार करण्यापूर्वी नोंद ठेवावी. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे बहुतेक समित्या ते टाळतात आणि थेट निवेदन लिहायला बसतात. ‘उद्यान समाजकंटकांचा अड्डा बनले आहे’ या वाक्याचे पोलीस निरीक्षकाने काय करावे? त्याच्याकडे रात्रपाळीला मोजकी माणसे असतात. त्याला वार, वेळ आणि जागा दिली तर तो गस्तीची गाडी वळवू शकतो.

नोंद अशी असावी: ‘शनिवार, संध्याकाळी ७.४०. मागच्या फाटकाजवळचे दोन बाक. पाच तरुण, बिअर, स्पीकर मोठ्याने. फिरायला आलेल्या दोन बायका तिथूनच परतल्या.’ किंवा ‘मंगळवार, सकाळी ६.१५. घसरगुंडीखाली फुटलेली क्वार्टर, पाण्याचे पाऊच, चखण्याची पाकिटे.’ नावे लिहू नयेत, चेहऱ्यांचे फोटो काढू नयेत, वर्णन जाती-धर्माने किंवा भाषेने करू नये. वार, वेळ, जागा, कृती आणि तिचा इतरांवर झालेला परिणाम एवढे पाच रकाने पुरेत. ज्या दिवशी काहीच घडले नाही, त्या दिवशी ‘काही नाही’ असे लिहायला विसरू नये. त्या ओळींनाही तेवढाच अर्थ असतो.

वहीसाठी सर्वांत चांगली माहिती माळ्याकडे आणि झाडू मारणाऱ्या बाईकडे असते, आणि त्यांना कोणी विचारत नाही. बाटल्या कोणत्या कोपऱ्यात निघतात, सोमवारी जास्त की गुरुवारी, कोणत्या झुडुपामागे सिगारेटची थोटके आणि चुरगळलेला चांदीचा कागद सापडतो, कोणता नळ कोण तोडतो, हे त्यांना पाठ असते. त्यांच्याशी बोलताना त्यांचे नाव कुठेही येणार नाही असा शब्द द्यावा आणि तो पाळावा. त्यांना उद्या पहाटे तिथे एकट्यानेच यायचे असते. वापरलेली सुई किंवा सिरिंज दिसल्यास कोणीही हाताने उचलू नये. जागा अडवून ठेवावी, मुलांना दूर करावे आणि जाड हातमोजे, चिमटा व टणक झाकणाचा डबा घेऊन पालिकेच्या कामगाराकडूनच ती काढून घ्यावी.

महिना संपल्यावर उद्यानाचा साधा नकाशा काढून त्यावर नोंदींचे ठिपके मांडावेत. ठिपके सगळीकडे सारखे पसरलेले क्वचितच दिसतात. दोन-तीन कोपरे आणि आठवड्यातले काही तास एवढ्यातच ते दाटतात. संपूर्ण उद्यान सुधारायचे आहे असे वाटत असताना प्रत्यक्षात मागच्या फाटकाजवळचे वीस पावलांचे अंतर आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ हा वेळ सुधारायचा आहे, हे समोर आले की लोकांना हुरूप येतो.

जागा कोणाची, हे कागदावर पाहा

गोव्यात एक महानगरपालिका, 13 नगरपालिका आणि 191 ग्रामपंचायती आहेत, आणि तरीही उद्यान यांपैकी कोणाचे हे फलकावरून कळेलच असे नाही. जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेची), बांधकाम एखाद्या सरकारी महामंडळाने केलेले, हस्तांतरण अर्धवट राहिलेले आणि देखभाल कंत्राटदाराकडे, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी असते. वसाहतींमधल्या मोकळ्या जागा तर विकासकाने पंचायतीच्या ताब्यात दिल्या की नाहीत हेच कित्येकदा धूसर असते. म्हणून जमिनीची सरकारी नोंद असलेला एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे आराखडा काढावा. देखभालीचे कंत्राट कोणाकडे आहे, त्यात सफाई किती वेळा व दिव्यांची जबाबदारी कोणाची असे लिहिले आहे, हे माहिती अधिकार कायदा, 2005 खाली अर्ज करून विचारावे. सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. कंत्राटाची प्रत हातात असली की पालिकेतले संभाषण एकदम वेगळ्या सुरात होते.

भागीदार कोण

समिती म्हटली की निवृत्त गृहस्थ, नगरसेवक आणि एखादा वकील डोळ्यांसमोर येतो. ते असावेतच, पण उद्यानाकडे दिवसभर ज्यांची नजर असते ती माणसे वेगळी आहेत. फाटकासमोरचा गाडेवाला रात्री सगळ्यांत शेवटी घरी जातो. कोपऱ्यावर स्टँड असलेले मोटारसायकल पायलट (भाड्याने प्रवासी नेणारे) येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पाहतात. पहाटे पाव घेऊन सायकलवरून जाणाऱ्या पोदेराला रात्रीचा पसारा सर्वांआधी दिसतो. समोरचा औषधविक्रेता, शाळेचा शारीरिक शिक्षण शिक्षक, देवळाच्या समितीचा कोणी, चर्चच्या युवा गटातला कोणी, मशिदीच्या समितीतला कोणी: यांना घरी जाऊन बोलवावे, व्हॉट्सॲपवर निरोप पाठवून काम भागत नाही. जवळच्या बारच्या मालकालाही बोलवावे, मग कोणाच्या भुवया वर गेल्या तरी चालेल. पार्सल नेणारे गिऱ्हाईक बाटली कुठे रिकामी करते हे त्याला ठाऊक असते, आणि अबकारी परवाना त्याला प्यारा असतो.

स्त्रियांची बैठक वेगळी घ्यावी. मिश्र बैठकीत ‘आम्हाला तिथे भीती वाटते’ यापलीकडे तपशील येत नाही. स्वतंत्र बैठकीत मात्र कोणत्या वळणावर, कोणत्या वेळेनंतर, कोणत्या प्रकारच्या शेऱ्यांमुळे वाट बदलावी लागते हे नेमकेपणाने सांगितले जाते. दहावी-बारावीच्या मुलांशीही वेगळे बोलावे. आणि जे टोळके त्रासदायक वाटते, त्यांच्यापैकी एक-दोघांशी ओळख असलेल्या माणसाने दिवसाउजेडी गाठून विचारावे की तुम्ही इथेच का बसता. ‘दुसरीकडे बसायला जागा कुठे आहे?’ असे उत्तर आले तर त्यात तथ्य असू शकते, हे मान्य करण्याची तयारी ठेवावी.

रात्रीची फेरी

दिवसा केलेल्या पाहणीत उद्यान छानच दिसते. सूर्यास्तानंतर तासाभराने पालिकेचा कनिष्ठ अभियंता, वीज खात्याचा लाइनमन, बीटवरचा पोलीस शिपाई आणि शेजारच्या पाच-सहा जणांनी, त्यांत दोन-तीन स्त्रिया असाव्यात, एकत्र चालत एक फेरी घ्यावी. हातात वहीतला नकाशा असावा आणि प्रत्येक दाट ठिपक्याशी थांबून पाहावे: इथे उभ्या माणसाचा चेहरा किती पावलांवरून ओळखू येतो, रस्त्यावरून ही जागा दिसते का, काही घडले तर पळायला किती वाटा आहेत.

दिव्यांपासून सुरुवात करावी. खांब मोजू नयेत, पेटणारे दिवे मोजावेत, आणि प्रकाश जमिनीवर पडतो की आंब्याच्या फांद्यांत अडकतो हे पाहावे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात आणि पहिल्या पावसातच निम्मे दिवे जातात. म्हणून दिव्यांची तपासणी मे महिन्यात एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा अशी लिहून घ्यावी. दिवे टायमरवर असतील तर त्याची वेळ पाहावी. गोव्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सातनंतर. उन्हाळ्यात लावलेला टायमर तसाच राहिला तर हिवाळ्यात रोज तासभर उद्यान अंधारात असते, आणि नेमकी तीच वेळ क्लासहून परतणाऱ्या मुलींची असते. एवढी दुरुस्ती लाइनमन त्याच फेरीत करून जाऊ शकतो, आणि असे एक काम त्याच रात्री झाले की समितीवर लोकांचा विश्वास बसतो.

त्यानंतर झाडोरा. कमरेच्या वर वाढलेली झुडुपे छाटावीत आणि मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या डोळ्यांच्या उंचीच्या वर ठेवाव्यात, म्हणजे मधला पट्टा मोकळा राहतो. मोठ्या झाडांना हात लावण्यापूर्वी मात्र गोव्याचा 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा ध्यानात ठेवून वन खात्याकडे विचारणा करावी. अड्डा मोडण्याच्या नावाखाली झाडे तोडण्याचा उत्साह काही जणांना असतो, तो वेळीच आवरावा.

जागेच्या रचनेचा वर्तनावर किती परिणाम होतो याचे बोलके उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचे आहे. 1970 च्या दशकात ते अमली पदार्थांच्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध होते. उंच कठडे, दाट कुंपणझाडे आणि मोजकी प्रवेशद्वारे यांमुळे आतले बाहेरून दिसत नाही, असे निरीक्षण विल्यम व्हाइट या अभ्यासकाने मांडले. 1988 मध्ये बंद करून 1992 मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा वाटा रुंद केलेल्या होत्या, झाडोरा उतरवलेला होता, हलवता येणाऱ्या खुर्च्या आणि खाण्याचे ठेले आले होते. जागा तीच होती, पण ती दिसू लागली होती आणि भरू लागली होती. एवढे लांब जायला नको असेल तर पणजीच्या चर्च चौकातले गार्सिया दे ओर्ता उद्यान पाहावे. चारी बाजूंना रस्ता आणि दुकाने असल्यामुळे त्याच्याकडे सतत कोणाची ना कोणाची नजर असते. टेकडीच्या उतारावर किंवा खाडीच्या कडेला बांधलेल्या उद्यानांना हे नशीब नसते, आणि तिथे ती नजर मुद्दाम निर्माण करावी लागते.

शौचालयाकडे शेवटी वळावे, पण विसरू नये. ते कुलूपबंद असेल तर भिंतीला लघवी केल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. ते उघडे, पण अंधारे व बाजूला असेल, तर तो स्वतःच एक अड्डा होतो. दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे हवा, आणि दार फाटकाकडून दिसेल असे हवे.

कामाची वाटणी लेखी करा

फेरीनंतर आठवड्याच्या आत बैठक घ्यावी, नाहीतर उत्साह विरतो. पालिकेत मुख्याधिकारी, पणजीत महापालिकेचा संबंधित अधिकारी, पंचायतीत सरपंच व सचिव यांना पत्र द्यावे आणि प्रत पोलीस स्थानकाला व वीज खात्याच्या उपविभागाला द्यावी. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. पंचायत क्षेत्रात हा विषय ग्रामसभेत लेखी ठराव म्हणून मांडणे उत्तम, कारण इतिवृत्तात आलेली गोष्ट सरपंच बदलला तरी पुसली जात नाही.

बैठकीतून एका पानाचा कागद निघाला पाहिजे. त्यात प्रत्येक कामापुढे एका पदाधिकाऱ्याचे पदनाम आणि तारीख असावी: मागच्या फाटकाचे तीन दिवे वीज खाते अमुक तारखेपर्यंत लावील, झाडोरा पालिका पावसाआधी छाटील, शुक्रवार-शनिवारी साडेसात ते नऊच्या दरम्यान पोलीस एकदा पायी फेरी मारतील, काचेच्या बाटल्या सकाळी सातपूर्वी उचलल्या जातील, वही रहिवाशांपैकी दोघे आलटून पालटून सांभाळतील. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ असे वाक्य या कागदावर येऊ देऊ नये. पोलिसांकडून रोजची गस्त मागण्याऐवजी आठवड्यातून दोन ठराविक वेळा मागाव्यात. रोजची गस्त पहिल्या बंदोबस्ताला बंद पडते. दोन वेळांचे वचन पाळले जाण्याची शक्यता अधिक, आणि शिपाई गाडीतून न उतरता निघून गेला तर ती नोंदही वहीत, कोणावर आग न पाखडता, करता येते.

रिकामे तास भरा

एकदाच होणाऱ्या ‘उद्यान महोत्सवा’चा या कामी फारसा उपयोग नाही. रविवारी सकाळी स्वच्छता मोहीम होते, छायाचित्र छापून येते आणि शनिवारी रात्रीचे टोळके जागच्या जागी असते. वहीत जे वार आणि ज्या वेळा दाट दिसल्या, त्याच वेळी आणि त्याच कोपऱ्यात काहीतरी नियमित, छोटे, कमी खर्चाचे सुरू करावे.

आपल्याकडे यासाठी नवे काही शोधून काढण्याची गरज नाही. बायकांच्या फुगडी पथकाला सरावासाठी जागा हवीच असते. चतुर्थीच्या आधी घुमट आरतीची (घुमट हे तालवाद्य वाजवून आरती म्हणणारी) मंडळी तालमीसाठी कोणाचे तरी अंगण शोधत असतात. भजनी मंडळ आठवड्यातून एकदा उघड्यावर बसायला आनंदाने तयार होते. ज्या कोपऱ्यात बाटल्या निघतात तिथेच कॅरमचे दोन बोर्ड आणि बुद्धिबळाचे टेबल ठेवावे, वर चांगला दिवा लावावा. ज्या पोरांना हाकलायचे होते तीच पोरे कॅरमला बसली तर ते अपयश मानू नये. फक्त ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, हे आपल्याही कार्यक्रमांना लागू आहे. दुसऱ्याच्या स्पीकरची तक्रार करणाऱ्या समितीने याबाबतीत काटेकोर राहावे.

एका गाड्याला फाटकाच्या आत किंवा लगत जागा दिली तर बराच फरक पडतो. चहा, भजी, रस-ऑम्लेट विकणारा माणूस संध्याकाळभर तिथे उभा असतो आणि त्याच्याभोवती चार माणसे असतात. परवाना आणि कचऱ्याची अट पालिकेकडून लेखी घ्यावी, आणि मद्य तिथे येणार नाही ही अट त्यात स्पष्ट असावी.

पावसाळ्याचा विचार आधीच करावा. जून ते सप्टेंबर माणसे फिरकत नाहीत, गवत वाढते आणि छप्पर असलेला मंडप हीच उद्यानातली एकमेव कोरडी जागा उरते. तिचा ताबा कोण घेईल हे सांगायला नको. त्या चार महिन्यांतले कार्यक्रम मंडपातच ठेवावेत, आठवड्यातून दोनदा असले तरी चालतील.

समोरासमोर आल्यावर

शेजाऱ्यांनी काठ्या घेऊन गस्त घालण्याची कल्पना कोणी ना कोणी मांडतोच. ती ठामपणे नाकारावी. एखाद्याला ढकलले, त्याचा फोन हिसकावला किंवा जोडप्याचे चित्रीकरण करून ते गटात टाकले, तर गुन्हा आपल्यावर दाखल होतो, आणि तो योग्यच आहे.

किरकोळ प्रसंगात दोघांनी मिळून, दारू अंगात जाण्यापूर्वीच्या वेळेत, सौम्य शब्दांत बोलावे. ‘बाब, जरा पलीकडच्या बाकांवर बसाल? इथे आता मुली सरावाला येणार आहेत’ हे वाक्य ‘ही काय दारू पिण्याची जागा आहे का?’ या प्रश्नापेक्षा जास्त काम करते, कारण त्यात समोरच्याला मान राखून उठता येते. उत्तर उर्मट आले तर वाद वाढवू नये, मागे फिरावे आणि नोंद करावी. शस्त्र, मारामारी, स्त्री किंवा मुलाला त्रास, किंवा अमली पदार्थांचा व्यवहार दिसला तर जवळ जाऊच नये. सुरक्षित अंतरावरून 112 वर फोन करावा आणि उद्यानाचे नाव, कोणते फाटक, किती माणसे, गाडी कोणत्या दिशेला गेली, एवढे सांगावे. मुलांसाठी 1098 आणि स्त्रियांसाठी 181 या मदतवाहिन्या आहेत. गोवा पोलिसांच्या पिंक फोर्सच्या (स्त्रियांच्या सुरक्षेसाठीच्या पथकाच्या) गाडीने वहीतल्या वेळेनुसार उद्यानाशी थांबावे, अशी विनंती पोलीस स्थानकामार्फत करता येते.

कायदा कुठे चालतो, कुठे नाही

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. मद्याच्या अमलाखाली सार्वजनिक ठिकाणी त्रास देणाऱ्यास कलम 355 खाली 24 तासांपर्यंत साधी कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य करणे किंवा गाणे म्हणणे कलम 296 मध्ये, पाठलाग कलम 78 मध्ये, आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द वा हावभाव कलम 79 मध्ये येतात. सार्वजनिक उपद्रवासाठी कलम 292 आहे. उपद्रव सतत चालू असेल, उदाहरणार्थ लगतच्या जागेतला बेकायदा अड्डा, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली तो हटवण्याचा आदेश द्यावा असा अर्ज उपजिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो. इथे महिनाभराची वही पुरावा म्हणून जोडावी.

दोन ठिकाणी लोकांची फसगत होते. गोव्याच्या 2001 च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात 2019 साली दुरुस्ती होऊन उघड्यावर मद्यपान व स्वयंपाक करणाऱ्यास 2,000 रुपये आणि गटाला 10,000 रुपये दंडाची तरतूद झाली, हे सर्वांना माहीत असते. पण हा कायदा पर्यटनस्थळांसाठी आहे, आणि आपल्या प्रभागातले उद्यान त्यात मोडत नसेल तर तो आकडा फलकावर लिहून उपयोग नाही. फलक लावण्यापूर्वी जागेची अधिसूचना आणि दंडाची चालू रक्कम तपासून घ्यावी. दुसरे म्हणजे धूम्रपान: 2003 च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यात ‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे, त्यामुळे उद्यानात सिगारेट ओढणाऱ्यावर त्या कायद्याचा बडगा उगारता येईलच असे नाही. त्याच कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य वस्तू विकणे आणि शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत त्या विकणे मात्र गुन्हा आहे, आणि शाळेजवळच्या उद्यानांसाठी तोच भाग कामाचा आहे. गोव्यात मद्य विकत घेण्याचे किमान वय 21 आहे. अल्पवयीनांना विक्री होत असल्यास तक्रार अबकारी खात्याकडे करावी.

मुले आणि व्यसन

बिअर किंवा सिगारेटसह सापडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला पोलिसांच्या हवाली करून प्रश्न सुटत नाही. ओळखीच्या माणसाने पालकांशी, नाहीतर शाळेच्या समुपदेशकाशी बोलावे, आणि त्याचे नाव समितीच्या बैठकीतही उच्चारू नये. त्याला ती वस्तू पुरवणारा मात्र वेगळा हिशोब आहे: बालन्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुरवठ्याची माहिती अमली पदार्थविरोधी पथकाला किंवा 1933 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर द्यावी. स्वतः व्यसन सोडू पाहणाऱ्यासाठी 14446 हा क्रमांक आहे. तो दंडाच्या फलकावर न लिहिता शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा, कारण तिथे तो एकट्याने वाचता येतो.

कॅमेरे आणि पैसे

कॅमेरा मागण्यापूर्वी दिवा मागावा. अंधारात काम करणारा कॅमेरा धूसर आकृत्या टिपतो. कॅमेरा बसलाच तर चित्रीकरण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि बिघडल्यास कोण दुरुस्त करणार हे एका पानाच्या कागदात यावे. एखादी कंपनी उद्यान दत्तक घेण्यास तयार असल्यास करारात दोन गोष्टी पाहाव्यात: प्रवेश सर्वांसाठी विनामूल्य राहील, आणि देखभालीची मुदत संपल्यावर दिवे व पंप चालू स्थितीत पालिकेकडे येतील.

तीन महिन्यांनी

तीच वही, तेच पाच रकाने, पुन्हा चार आठवडे. पहिल्या महिन्याच्या आकड्यांशी तुलना करताना ऋतू ध्यानात घ्यावा; मार्च ते मे या उर्राकाच्या (काजूच्या ताज्या दारूच्या) हंगामाची तुलना ऑगस्टशी केली तर उगाच पाठ थोपटली जाईल. नोंदी कमी झाल्या असतील, तर टोळके कुठे गेले हे पाहावे. बसथांब्यामागे किंवा शेजारच्या वाड्यावरच्या मैदानात नुसते सरकले असेल, तर तिथल्या रहिवाशांना बैठकीला बोलावून वहीची प्रत द्यावी, कारण पोलीस स्थानक तेच आहे आणि गस्तीची वेळ दोघांनी मिळून मागितलेली बरी. मात्र नोंदी कमी झाल्या आणि संध्याकाळी फिरणाऱ्यांची संख्याही कमीच राहिली, तर दिवे लागले एवढाच बदल झाला आहे. अशा वेळी स्त्रियांची स्वतंत्र बैठक पुन्हा घेऊन, त्या अजून का येत नाहीत, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.

वही सांभाळणारी जोडी दर सहा महिन्यांनी बदलावी आणि बदलताना जुन्या जोडीने नव्या जोडीला घेऊन लाइनमन, बीटवरचा शिपाई, पालिकेचा पर्यवेक्षक आणि माळी यांची प्रत्यक्ष भेट घालून द्यावी. बीटवरच्या शिपायाची बदली झाल्याचे कळताच नव्या शिपायाबरोबर रात्रीची फेरी पुन्हा करावी.